आधी गिरण्या, मग शाळा
काही जण म्हणतात, आधी आयटीआय (कारागिरी शिकवणाऱ्या सरकारमान्य शाळा) काढा, कारखाने मागून येतील. मुंबईत तरी उलटंच झालं. कावसजी दावरांची ताडदेवची कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं १८८७ साली, तेही गिरण्यांच्या अंगणात, भायखळ्याला. (माटुंग्याला गेलं ते १९२३ मध्ये.) साचे (गिरणीतली यंत्रं) नि बॉयलर सांभाळायला माणसं हवी होती, म्हणून निघालं.

आता १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे ठरावीक आकाराच्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण आमच्या अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये आयटीआयतून येणारा पोरगा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) झकास वाचतो आणि सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, टूल ऑफसेट घे (हत्याराचं माप मशीनला भर) म्हटलं की गांगरतो. शिकलेला असतो हाताने चालवायच्या साध्या लेथवर, करणार काय! अभ्यासक्रम ठरवताना शेजारच्या एमआयडीसीतल्या फोरमनला का बोलवत नाहीत?