झेचपोस्पोलिता : राष्ट्रकुल, प्रजासत्ताक की गणराज्य?

पोलंडच्या इतिहासावर मराठीत वाचताना ‘पोलंड-लिथुआनिया राष्ट्रकुल’ असा उल्लेख आढळला. राष्ट्रकुल म्हटलं की पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींचा गट आठवतो. १५६९ सालच्या राज्याला हा शब्द कसा चालेल? मूळ शब्द काय?

— मूळ शब्द ‘झेचपोस्पोलिता’. झेच म्हणजे बाब, पोस्पोलिता म्हणजे सगळ्यांची, सामाईक. लॅटिन ‘रेस पब्लिका’ची ही पोलिश घडण. राष्ट्रकुल इंग्रजी कॉमनवेल्थवरून आलं आणि इथे ते दिशाभूल करतं. १५६९ च्या लुब्लिनच्या करारानं पोलंड आणि लिथुआनिया जोडले गेले; त्यानंतर दोन्ही देशांचा राजा एक होता, संसदही एकच. राष्ट्रकुलात असं कुठे असतं?

मग सरळ प्रजासत्ताक म्हणावं का? पण राजा होता म्हणता!

— राजा होता, पण निवडलेला. १५७३ पासून वॉर्सोजवळच्या मैदानात सरदारवर्ग, म्हणजे श्लाख्ता, जमायचा आणि राजा निवडायचा. पहिला निवडला तो फ्रान्सचा हेन्री. भाऊ वारल्यावर तिकडची गादी मिळणार म्हणून काही महिन्यांतच तो रातोरात निघून गेला! अडचण राजाची नाहीच, ‘प्रजे’ची आहे. जमिनीला जखडलेल्या शेतकऱ्याला यात मत नव्हतं. सत्ता श्लाख्ताची, तिला प्रजासत्ताक कसं म्हणणार? आपल्याकडे गणराज्य हा शब्द तयार आहे. वैशालीच्या लिच्छवींचं गणराज्यही मोजक्या कुळांचंच होतं.

१७९५ च्या फाळणीत राज्य संपेपर्यंत गणराज्य आणि १९१८ ला पुन्हा स्वतंत्र झाल्यापासून प्रजासत्ताक, असं लिहिलं तर?

— मला पटत नाही. पोलिश माणूस १७९५ पर्यंतचा, १९१८ नंतरचा आणि १९८९ नंतरचा अशा तिन्ही काळांना एकच शब्द वापरतो आणि त्यांना क्रमांक देतो. १९९७ ची राज्यघटना आजच्या राज्याला तिसरं झेचपोस्पोलिता म्हणते. फ्रान्ससाठी मात्र त्यांच्याकडे ‘रेपुब्लिका’ हा वेगळा शब्द आहे. इतका आपलेपणा ज्या शब्दात आहे, त्याचे भाषांतरात दोन तुकडे करू नयेत. शिवाय गणराज्य आजच्या राज्यालाही शोभतं. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन म्हणतो, पण आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’च आहे.

कम्युनिस्ट काळाचं काय?

— १९५२ च्या घटनेनं नावात ‘लुदोवा’, म्हणजे लोकांचं, हे विशेषण घातलं. प्रजासत्ताक वापरलं तर ‘जनतेचं प्रजासत्ताक’ अशी द्विरुक्ती होते. ‘लोक-गणराज्य’ नीट बसतं. १९८९ च्या डिसेंबरात ते विशेषण गेलं. आजचं राज्य चौथं न ठरता तिसरं ठरतं, कारण लुदोवा काळ मोजणीत धरलेलाच नाही.