काबुकी नटांची चित्रं: प्रतीकं की नुसती पोस्टरं?

खवचट_काका: सरळ बोलतो. एडोतल्या (आजचं टोकियो) काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी नाटकाच्या, नटांच्या वुडब्लॉक प्रिंट्समध्ये (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत) लोकांना उगाच गूढ अर्थ दिसतात. नाटक लागलं की छापायची, फॅन लोकांनी विकत घ्यायची, विषय संपला. दान्जुरो (इचिकावा घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालणारं नटाचं नाव) याच्या बाहीवर एकात एक तीन चौकोन असतात ते त्या घराण्याचं चिन्ह, म्हणजे दुकानाची पाटी. त्यात प्रतीक कसलं डोंबलाचं?

निळी_शाई: काका, 'शिबाराकू' नाटकातली ती पाटी बघा की एकदा. अवाढव्य झगा, त्यावर हे एवढाले चौकोन आणि तोंडावर लाल पट्टे. लाल म्हणजे वीर, निळे असले की खलनायक, अक्षर न वाचता कळतं.

खवचट_काका: ते रंग नाटकातले. चित्रकाराने उतरवून घेतले, त्याचं स्वतःचं काय?

रात्रपाळी: मग चित्रकार शाराकू बघा, १७९४. बायकांना १६२९ पासून रंगभूमीवर बंदी, पुढे १६५२ मध्ये तरुण पोरांच्या काबुकीवरही, आणि नटांना कपाळावरचे केस काढायला लावले, ते झाकायला स्त्रीपार्टी नट जांभळं फडकं बांधायचे. फडकं दिसलं की बाई, हा संकेत. शाराकू फडकं ठेवतो आणि खाली चेहरा काढतो थोराड पुरुषाचा! संकेत पाळून त्याचीच टर उडवलीय, हे पोस्टरवाल्याचं काम नाही. वर्षभराच्या आत त्याचं काम बंदही पडलं.

मिरजकर_नाही: +१. आणि १८४२ ला सरकारने नटांची चित्रंच बंद केली तेव्हा कुनियोशी या चित्रकाराने काय केलं माहितीय का, भिंतीवर पोरांनी खिळ्याने खरवडल्यासारखी चित्रं काढली, मधोमध नाचणारं मांजर, आणि ती सगळी थोबाडं नटांची. नाव कुठेच नाही, लोकांनी नाकाडांवरून ओळखली.

खवचट_काका: ओळखली ना? मग माझंच म्हणणं झालं की, ओळख पटवणं एवढंच काम.

निळी_शाई: आठव्या दान्जुरोने १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या केली तेव्हा त्याची शेकडो मृत्युचित्रं निघाली. फिकट निळा पोशाख दिसला की माणूस गेला हे कळायचं. एका चित्रात तर बुद्धाच्या महानिर्वाणासारखा तो आडवा आणि भोवती रडणाऱ्या बायका. इथे कोणाची ओळख पटवायची होती, बुद्धाची?

खवचट_काका: फॅन लोकांचं काय सांगता, ते कोणालाही देव करतात. खपलं म्हणून छापलं.

रात्रपाळी: खपलं कशामुळे ते सांगा आधी.