बॉयसी ओपन: इतिहास असलेली स्पर्धा की नुसता जिना?

हिरवळकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात बॉयसी ओपन ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा १९९० पासून होते. पीजीए टूर ही तिथली अव्वल गोल्फ मालिका, तिच्या खालची जी दुसरी फळी आहे, तिच्या अगदी पहिल्या मोसमापासून. मैदानही तेच, हिलक्रेस्ट कंट्री क्लब. (शहराचं नाव तिथले लोक 'बॉयसी' असंच उच्चारतात. 'बॉयझी' म्हटलं की पाहुणा लगेच ओळखू येतो.) एवढी वर्षं टिकली म्हणून तिच्या 'परंपरे'चं कौतुक चालतं, आणि माझं घोडं तिथेच अडतं.

परंपरा नक्की कोणाची? या खालच्या टूरलाच आजवर सहा नावं लागली: बेन होगन, नायकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. पैसे ज्याचे, पाटी त्याची. खेळाडूंचं म्हणाल तर जो चांगला खेळतो तो वर जातो आणि पुन्हा इकडे फिरकत नाही. मास्टर्स या मानाच्या स्पर्धेत जुने विजेते दरवर्षी हिरवी जाकिटं घालून एकत्र जेवतात. बॉयसीचा जुना विजेता परत दिसला, तर त्याचं वर काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

मी तरी याला इतिहास म्हणणार नाही. जिना आहे तो. जुना, मजबूत, पण जिनाच.

कॅडीमामा

साफ असहमत. 'वर काहीतरी बिनसलंय' हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून टाकलंत, पण या स्पर्धेतली सगळी गंमत त्यातच आहे.

२०१८ चा विजेता घ्या, कोरियाचा बे सांग-मून. पीजीए टूरवर त्याच्या नावावर आधीच दोन विजेतेपदं होती. मग सक्तीची लष्करी सेवा आली. जवळजवळ दोन वर्षं बंदूक खांद्यावर, गोल्फ बंद. परतला तेव्हा जुना सूर काही केल्या सापडेना आणि वरचं कार्ड, म्हणजे पीजीए टूरवर खेळायचा हक्क, गेलं. ते परत मिळालं बॉयसीत. मास्टर्सच्या जेवणावळीत अशी गोष्ट घडायला जागाच नाही, कारण तिथे कोणाची रोजीरोटी पणाला लागलेली नसते.

आकडेमोड

मामा, उदाहरण सुंदर आहे, पण त्याने धागाकर्त्याचंच म्हणणं पक्कं होतं.

२०१६ मध्ये बॉयसी ओपन मोसमाच्या शेवटच्या 'फायनल्स'मध्ये गेली. नियम असा होता की खालच्या टूरवरचे पहिले ७५ आणि पीजीए टूरवर १२६ ते २०० क्रमांकांत घसरलेले, असे दोन्ही गट एकत्र खेळणार. खालच्या पहिल्या २५ जणांची कार्डं आधीच पक्की. आणखी २५ फायनल्समधून. आता विजेते बघा. २०१६: मायकल थॉम्पसन. २०१७: चेसन हॅडली. २०१८: बे. तिघंही पीजीए टूरवर आधी जिंकलेले! वर्षभर खाली राबणाऱ्याच्या तोंडचा घास वरून आलेल्यांनी पळवला. ही कसली दुसऱ्या फळीची परंपरा?

कॅडीमामा

हॅडलीला त्यात ओढू नका. २०१७ चा अख्खा मोसम तो खालीच खेळत होता, त्याच वर्षी खालची आणखी एक स्पर्धा जिंकला होता आणि बॉयसीला येण्याआधीच त्याचं कार्ड पक्कं झालं होतं. त्याने कोणाचा घास पळवला?

आकडेमोड

हॅडलीपुरतं मान्य. थॉम्पसनबद्दल मात्र ठाम आहे. टूरलाही ते खटकलं असावं, कारण २०२३ पासून वरून येणाऱ्यांचं दार बंद झालं. आता फायनल्स फक्त खालच्यांच्या. त्याच वर्षी कार्डं ३० झाली, २०२५ च्या मोसमापासून २०. पहिल्या मोसमात, १९९० मध्ये, फक्त पाच होती हेही इथे नोंदवून ठेवतो.

वाचनमात्र होतो

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

'पैसे ज्याचे, पाटी त्याची' हे टूरला लागू पडतं, बॉयसीला नाही. तिची प्रायोजक अल्बर्टसन्स ही किराणा दुकानांची साखळी बॉयसीचीच आहे. पहिलं दुकान १९३९ मध्ये तिथेच उघडलं आणि मुख्यालयही तिथेच. शिवाय मैदान बदललेलं नाही. दुसऱ्या फळीत हे दुर्मीळ आहे. इथे स्पर्धाच्या स्पर्धा बंद पडतात, गावं बदलतात. १९९० पासून जवळपास सलग चाललेल्या म्हणाव्यात तर विचिटा, नॉक्सव्हिल आणि ही. विचिटाला १९९३ मध्ये डेव्हिड डुव्हाल जिंकला होता, पुढे २००१ मध्ये तो ब्रिटिश ओपन जिंकला.

आणि बक्षिसं? होगन टूरच्या काळात एका स्पर्धेची एकूण रक्कम साधारण एक लाख डॉलर असायची आणि बहुतेक स्पर्धा तीनच फेऱ्यांच्या. २०२३ मध्ये बॉयसीला पंधरा लाख डॉलर होते. महागाई वजा केली तरी ही वाढ थोडीथोडकी नाही.

हिरवळकर (धागाकर्ता)

मैदान आणि प्रायोजकाचा मुद्दा चांगला आहे, तेवढ्यापुरता मागे येतो. पण मग तो बॉयसी गावाचा इतिहास झाला. गोल्फचा कसा?

२०२४ चा मॅट मॅकार्टी बघा. एका मोसमात तीन स्पर्धा जिंकल्या की थेट बढती, असा नियम आहे. त्याची तिसरी स्पर्धा म्हणजे बॉयसी. ऑगस्टमध्ये करंडक उचलला आणि ऑक्टोबरमध्ये तो वर, युटामध्ये, ब्लॅक डेझर्ट चॅम्पियनशिप जिंकून मोकळा! एवढ्या वेळात बॉयसीच्या करंडकावर धूळही बसली नसेल.

कॅडीमामा

मॅकार्टी घाईत होता. स्टेफान जाएगरला घाई परवडली नाही. २०१६ मध्ये याच टूरवर त्याने एक फेरी अवघ्या ५८ फटक्यांत संपवली, लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. २०२० मध्ये बॉयसी जिंकला, पण करोनामुळे त्या वर्षी कोणालाच बढती नव्हती. दोन वर्षांचा एकच मोसम धरला गेला. म्हणजे जिंकूनही आणखी एक वर्ष खालीच. जिना म्हणता ना? मग जिन्यात मुक्काम करावा लागलेला माणूस हा. वरच्या टूरवर त्याचं पहिलं विजेतेपद २०२४ चं, ह्यूस्टन ओपन.

हिरवळकर (धागाकर्ता)

जाएगरची चिकाटी मान्य. पण ह्यूस्टनला तो जगातल्या अव्वल क्रमांकाच्या स्कॉटी शेफलरला एका फटक्याने मागे टाकत होता, तेव्हा बॉयसी किती जणांना आठवली असेल?

आकडेमोड

शेफलरला आठवायला हरकत नव्हती. २०१९ मध्ये तो याच टूरचा सर्वोत्तम खेळाडू होता.