मदत हवी आहे: टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) सुटत नाही, घाई आहे

जुनी_पिकअप: दोन संध्याकाळी गेल्या. नट अडवणारी पिन काढली, नट काढला, पण टाय रॉड एंड नकलमधून (चाकासोबत वळणाऱ्या लोखंडी भागातून) तसूभरही हलत नाही. खालून बोल्टावरच ठोकत होतो, आता त्याचं टोक पसरलंय. परवा गाडी लागणारच आहे. कसा काढू?

आडवा_पाना: बाहेरचा एंड की आतला? स्टिअरिंगची यंत्रणा रॅक-पिनियन आहे की स्टिअरिंग बॉक्स? आणि मुळात बदलताय कशासाठी?

जुनी_पिकअप: बाहेरचा, डावीकडचा. स्टिअरिंग बॉक्स, मधे स्लीव्ह (दांड्याची लांबी जुळवायची नळी). चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं की खडखडतं. सुटेल कसा तेवढं सांगा.

घणाचे_घाव: दोन दातांचा फोर्क घाला आणि घण हाणा. पाच मिनिटांचं काम. मी कायम असंच करतो.

आडवा_पाना: फोर्कने सांध्यावरचा रबरी बूट फाटतो. जुना एंड टाकूनच द्यायचाय म्हणून चालेल, पण फोर्क घसरला तर शेजारच्या बॉल जॉइंटचा चांगला बूटही जातो. बोल्ट निमुळता असतो, नकलच्या भोकात पाचरीसारखा रुतून बसतो. खालून ठोकून फक्त टोक खराब होतं. त्यापेक्षा नकलच्या ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या कडेवर आडवे, जोरदार घाव घाला. पकड सुटते.

घणाचे_घाव: बूट फाटला तर फाटला! तुमच्या आडव्या घावांनी मी अर्धा दिवस घालवलाय एकदा.

आडवा_पाना: पुलरचा (स्क्रू आवळून बोल्ट बाहेर ढकलणाऱ्या अवजाराचा) ताण दिला होतात का? पुलर घट्ट करून मग कडेवर घाव, असं दोन्ही मिळून करायचं. आधी नट दोन-तीन आटे चढवून ठेवा, नाहीतर सुटताना एंड अंगावर येईल. टोक पसरल्यामुळे चढत नसेल तर कानशीने घासा.

तेलपाणी: स्टिअरिंग पंप कुरकुरतो का? माझ्या गाडीत सगळे सांधे बदलले आणि शेवटी तेलच कमी निघालं. आधी ते बघा.

जुनी_पिकअप: पंपाचं काहीही नाही हो.

सावकाश: गाडी उभी कशावर आहे?

जुनी_पिकअप: जॅकवर.

सावकाश: नुसत्या जॅकवर? मग घाव घालणं आत्ताच थांबवा. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा, मगच खाली हात घाला. हादऱ्याने जॅक कलंडतो.

जुनी_पिकअप: स्टँड लावले. पुलर मागून आणला, चौथ्या घावाला फटकन सुटला! पण आता स्लीव्हचा क्लॅम्प ढिला करूनही एंड फिरवला की आतच जातोय.

आडवा_पाना: उलटे आटे आहेत. स्लीव्हच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे असतात, म्हणून तर स्लीव्ह फिरवून लांबी जुळवता येते. उलट्या दिशेने फिरवा. आणि फेरे मोजा!

जुनी_पिकअप: मोजले नाहीत. निघाला पूर्ण.

आडवा_पाना: आता दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी मोजा, उजवीकडच्या टाय रॉडशी जुळवा आणि तेवढाच नवा एंड चढवा. हे कामचलाऊ. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्यावीच लागेल, नाहीतर पुढचे टायर कडेने झिजतील.

घणाचे_घाव: अलाइनमेंट घरीही होते. दोन्ही टायरांवर पुढे आणि मागे सारख्या उंचीवर खूण करून टेपने अंतर मोजायचं.

आडवा_पाना: तात्पुरतं ठीक. खात्रीसाठी मशीनवर न्या.

जुनी_पिकअप: बसवला. खडखड बंद, चालवून बघतो. स्टिअरिंग मात्र जरा डावीकडे राहतंय.

आडवा_पाना: दोन्ही स्लीव्ह सारख्याच फिरवून ते मधे येतं, एक बाजू लांब, दुसरी तेवढीच आखूड. ते अलाइनमेंटवाल्याला करू द्या. पिन नवी घातलीत ना? आणि भोक जुळवायला नट ढिला तर केला नाहीत?

जुनी_पिकअप: भोक जुळेना म्हणून थोडा मागे घेतला. पिन जुनीच सरळ करून घातली.

सावकाश: गाडी हलवू नका. ती पिन वाकवून सरळ केलेली आहे, कधीही तुटेल. आणि नट मागे घ्यायचा नसतो. ठरलेल्या टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळल्यावर पुढचं भोक जुळेपर्यंत घट्टच करायचा.

जुनी_पिकअप: चाक परत काढतोय. नवी पिन आणायला चालत जातो.