'स्वतःला मुरड घालणे' हा प्रयोग चुकीचा आहे का?

कुळागर: फोंड्याला आमच्या मंडळात नील लब्यूटच्या 'द शेप ऑफ थिंग्ज'चं मराठी रूपांतर बसतंय, लेखन माझ्याकडे आहे. नाटक २००१चं, लंडनला झालेलं. २००३ मध्ये लेखकानेच त्याच चार नटांना घेऊन सिनेमाही केला. संग्रहालयात पहारा करणारा एक बुजरा मुलगा एका मुलीच्या प्रेमात पडतो. तिच्यासाठी वजन उतरवतो, केस बदलतो, चष्मा सोडतो, नाकावर शस्त्रक्रिया करून घेतो आणि शेवटी मित्रांनाही तोडतो. मग कळतं, तिच्या लेखी तो कलाशाखेच्या पदवीसाठी घडवलेला एक नमुना होता.

त्याच्या तोंडी मी घातलं, 'तुझ्यासाठी मी स्वतःला किती मुरड घातली!' तालमीत आमचे ज्येष्ठ नट तिथेच थांबले. म्हणाले, मुरड मनाला घालतात, हौसेला घालतात, स्वतःला नाही. पण माझी आई तर कायम म्हणते, 'लग्न होऊन आले नि स्वतःला मुरड घातली.' आईची मराठी चुकीची म्हणायची?

चौकट: ज्येष्ठांचं बरोबर आहे. इच्छा, स्वभाव, हौस, खर्च, या आवरायच्या गोष्टींना मुरड. माणूस आवरायची गोष्ट नव्हे. कायापालट हा चांगला शब्द असताना अडतंय कुठे?

पेडणेकरीण: कायापालट नको. गावात रस्ता झाला की कायापालट होतो. ते कौतुकाने बोलायचं असतं आणि बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल. 'मी माझा कायापालट केला' असं कोणी दुखावलेला मुलगा म्हणेल?

सांतेर: मुरड हा मुरणेपासून आलाय. लोणचं मुरतं तसा माणूस नात्यात मुरतो. म्हणून स्वतःला मुरड घालणं योग्यच.

चौकट: सांतेरबाब, ओढूनताणून जोडू नका. मुरणे म्हणजे आत झिरपणे. मुरडणे म्हणजे पिळणे, वळणे. पाय मुरडतो तो काय मुरतो? हां, नाक मुरडणे मात्र इथे चपखल आहे. तिने नाक मुरडलं म्हणून याने नाक कापून घेतलं.

आबोली: वाद वाचून राहवलं नाही. मुरड कळायची तर चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसा. पारी दुमडली की कड चिमटीत धरायची, अंगठ्याने थोडी आत वळवायची, दाबायची, पुन्हा पुढची चिमट. दोरीच्या पिळासारखी कड होते. हल्ली सगळ्या कातणं फिरवतात. कातण्याने जादा पीठ कापलं जातं आणि बाजूला पडतं. मुरडीत काहीच बाजूला पडत नाही, तेच पीठ आत वळतं.

कुळागरबाब, तुमच्या आईने घातली ती मुरड. ती तीच राहिली, फक्त वळली. तुमच्या नायकाचं नाक कापलंय, मित्र टाकलेत. त्याच्यावर कातणं फिरलंय. मुरड हा शब्द त्याला फार मायेचा होतो.

पेडणेकरीण: आबोलीताई, हे वाचून अंगावर काटा आला. आणखी एक. देशावर माझ्या मावशीकडे गौरी जायच्या दिवशी नैवेद्याला मुरडीचा कानवला लागतोच. गौरीने पुढल्या वर्षी मुरडून, म्हणजे परत वळून यावं म्हणून. मुरडीत परत यायची वाट असते. त्या मुलाला परत यायला काय उरलंय?

चौकट: भाषा म्हणजे पीठ नव्हे. स्वयंपाकघरातल्या अर्थावरून व्याकरण ठरत नाही.

आबोली: मग कुठल्या घरातून ठरतं? मनाला मुरड घालणं हेसुद्धा कुणीतरी कड वळताना हात बघूनच म्हटलं असेल.

शिवणकाम: माझे वडील शिंपी. मी 'बेतणे' सुचवते. 'तुझ्या मापाने मी स्वतःला बेतलं.' कापड बेतताना आधी माप, मग कात्री. शिवाय नाटकही कशावर तरी बेतलेलंच असतं आणि जिवावरही बेततं.

कुळागर: शिवणकामबाय, हे सुरेख आहे. पण आमचा नट बावीस वर्षांचा, 'बेतलं' त्याच्या तोंडात बसेल का?

सांतेर: त्याला 'तुजेखातीर हांव बदल्लों' म्हणू दे. गोव्यातला मुलगा मनातलं दुखणं मराठीत कशाला बोलेल?

चौकट: सांतेरबाब, ते कोकणी झालं. हा मराठी नाट्यप्रयोग आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हा भाषा सोडली नव्हती.

सांतेर: भाषा सोडली नाही, पण माणसं पुरती इथली केली. तुम्हीही करा. पहारेकरी जुन्या गोव्याच्या संग्रहालयातला असू दे, मग तो कसा बोलतो ते आपोआप कळेल.

पेडणेकरीण: आबोलीताई, मुरड तळताना उकलते माझी. कड ओली करायची का?

आबोली: दुधाचं बोट फिरवा, पाण्याचं नको. आणि चून, म्हणजे आतलं सारण, पुरतं गार होऊ द्या. गरम चून भरलं तर पारी घाम धरते आणि कड सुटते.

शिवणकाम: चुनात गूळ की साखर?

आबोली: आमच्याकडे गूळच.

चौकट: सुक्या सारणाच्या नेवऱ्यांना मात्र साखर लागते. त्या आठवडाभर टिकतात.

कुळागर: मंडळी, शुक्रवारी पहिला अंक उभा करायचाय. वाक्य अजून तसंच आहे.