शेळ्यांच्या कानातले बिल्ले पिकतात, कान चिरून पडतात. टोचायची नेमकी जागा आणि पद्धत सांगा

माळरान_मोहोळ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात उस्मानाबादीचा गोठा आहे, लहानमोठी धरून 40 जनावरं. लाळ्या-खुरकतच्या लसीकरणात मोठ्या शेळ्यांना सरकारी पिवळे बिल्ले बसले. आता काहींचे कान पिकलेत, दोघींचे बिल्ले कान चिरून पडले आणि एकीचा इतका घट्ट बसलाय की मागची चकती कातडीत रुतलीय. करडांना अजून टॅग नाहीत. टोचायची नेमकी जागा कोणती? पडलेला बिल्ला परत बसवता येतो का? गोठ्याचे स्वतःचे नंबर टाकायचे तर कुठल्या कानात? आणि विमा असलेल्या शेळीचा बिल्ला पडला तर पुढं काय?

पशुसेवा_बार्शी
भाऊ, आधी ती रुतलेली चकती बघा, बाकीचं सावकाश. बिल्ल्याचा 12 अंकी नंबर स्वच्छ दिसेल असा फोटो काढा, एक फोटो अख्ख्या शेळीचा. मग बिल्ल्याचं पुढचं पान आणि कान यांच्या फटीत वायर कटरचं टोक घालून मधली दांडी कापा आणि मागची चकती मागूनच काढा. पुढून ओढायची नाही, चकती भोकातून खेचली की कान चिरतो. जखम मिठाच्या पाण्यानं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वरून माशी न बसणारा स्प्रे मारा. सूज गालापर्यंत उतरली असेल किंवा शेळीनं चारा सोडला असेल तर डॉक्टरांना बोलवा, तिथं घरगुती इलाज करत बसू नका. शेळीला धनुर्वात होऊ शकतो, त्यामुळं चिघळलेल्या कानासाठी धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही त्यांना विचारा. नवा बिल्ला जखम पूर्ण सुकल्यावर, आणि जुन्या भोकात नाही.

आता जागा. कान हातात सपाट धरला की कूर्चेच्या (कानातल्या मऊ हाडाच्या) उभ्या धारा बोटाला लागतात आणि त्यांच्या कडेनं शिरा जातात. बिल्ला दोन धारांच्या मधल्या सपाट पट्ट्यात बसला पाहिजे. लांबीच्या हिशेबानं कानाचे तीन भाग पाडा: मुळाचा, मधला, टोकाचा. मधल्या भागात, मुळाकडं जरा झुकतं माप. टोकाकडं कातडी पातळ असते, बिल्ला लोंबतो, झुडपात नाहीतर जाळीत अडकला की थेट कडेपर्यंत चीर जाते. तुमच्या दोघींचं बहुतेक असंच झालंय. अगदी मुळाशी घेतला तर कूर्चा जाड, दांडी पुरत नाही, दोन्ही चकत्या कातडीला चिकटतात, खाली हवा लागत नाही आणि कान पिकतो. ही तुमची तिसरी शेळी.

खिलारचा पांढरा कान उन्हाकडं धरला की शिरा सरळ दिसतात. उस्मानाबादीचा काळाभोर कान उन्हात धरूनही काही कळत नाही. मोबाईलची बॅटरी कानाच्या मागून लावा, केस दाट असले तर तेवढ्या जागेचे कात्रीनं बारीक करा. तरी शंका असेल तर कानाच्या मुळाशी अंगठ्यानं दाबून धरा, शीर फुगून बोटाला लागते.

दांडीचा म्हणजे नर भाग कानाच्या मागच्या बाजूनं आत येतो आणि मादी भाग कानाच्या आतल्या बाजूला, म्हणजे समोरून दिसतो. उलटा बसवला तर दांडीचं टोक मागं येतं आणि शेळी खांबाला कान घासायला लागली की तेच अडकतं.

पक्कड म्हणजे अ‍ॅप्लिकेटर. निम्म्या भानगडी इथंच होतात. नर भाग सुईवर शेवटपर्यंत बसवायचा, मादी भाग चिमट्याखाली पूर्ण सरकवायचा. मग कान मधे न घेता पक्कड हलकेच मिटून बघा, पूर्ण दाबू नका, नाहीतर बिल्ला तिथंच लॉक होऊन वाया गेला. दांडीचं टोक मादीच्या भोकावर बरोबर मध्ये आलं पाहिजे. केसभर जरी बाजूला दिसलं तर सुई वाकलीय, ती बदला. वाकड्या सुईनं टोचलं की भोक फाटकं पडतं, आणि फाटकं भोक भरायला दुप्पट वेळ खातं.

प्रत्येक जनावरानंतर सुई आणि दांडीचं टोक स्पिरिटनं पुसा. एकीचं रक्त दुसरीच्या कानात नेऊ नका. लसीकरणाच्या गर्दीत हेच राहून जातं आणि मग चार दिवसांनी ओळीनं कान पिकतात.

दाबताना एकदम, पूर्ण, एका झटक्यात. "टक" आवाज आला की लगेच पक्कड सोडा. भीतभीत अर्धं दाबलं की शेळी मान झटकते, दांडी वाकते आणि कान तिथंच फाटतो. धरायला दुसरा माणूस हवाच. शेळीचं बूड भिंतीला टेकवून तिला दोन गुडघ्यांत घ्यायची, एक हात जबड्याखाली. शिंगाला धरून मान पिळू नका. टोचल्यावर बिल्ला बोटानं एकदाच फिरवून बघा. मोकळा फिरला आणि दोन्ही बाजूंना थोडी फट दिसली तर काम झालं. रक्त आलं तर कापूस अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबून धरा, बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं.

गोठा_ताई_माढा
वरच्या प्रतिसादाला जोडून. भोक भरेपर्यंत बिल्ला रोज फिरवत बसू नका. लोक "चिकटू नये म्हणून" फिरवतात, त्यानं धरलेली खपली तुटते आणि जखम रोज नव्यानं उघडी पडते. पहिले दहा दिवस नुसतं बघायचं आणि वास घ्यायचा. हो, वासच. पू डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतो. जखम नीट भरायला दोन-तीन आठवडे धरून चाला.

दुसरं म्हणजे जळकं ऑइल लावू नका. माशी बसत नाही हे खरं, पण जखम चरत जाते. करंज तेल नाहीतर कडुनिंबाचं तेल जखमेच्या कडेनं लावा, आत नाही. आळ्या पडल्याच तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ धरून आळ्या बाहेर येऊ द्या, चिमट्यानं सगळ्या काढा, मग धुऊन स्प्रे. एक जरी आळी आत राहिली तर दोन दिवसांत परत तेच.

आणि हंगाम. आपल्याकडं जुलै ते सप्टेंबर माश्या आणि ओल, त्यात टोचलेला कान हमखास त्रास देतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. एप्रिल-मेमध्ये टोचायची वेळ आलीच तर सकाळी आठच्या आत उरका. सोलापूरच्या दुपारी शेळी धरून झटापट करणं म्हणजे धाप लावून घेणं, तिलाही आणि तुम्हालाही.

माळरान_मोहोळ
दोघांचेही आभार. बॅटरी लावून पाहिलं, शिरा खरंच दिसतात. करडांना किती वयात टॅग मारायचा? आणि सांगोल्याच्या बाजारात दोन बोकड न्यायचेत, त्यांनाही बिल्ला नाही.

खिलारगडी_सांगोला
बिल्ल्याशिवाय बाजारात नेऊ नका. कानात टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात 1 जून 2024 पासून बंद केलीय, सरकारी दवाखान्यातले उपचारसुद्धा टॅगशी जोडलेत. आणि ऐन शनिवारी टॅग मारून रविवारी बाजारात उभं करू नका. सुजलेला कान बघून गिऱ्हाईक आजारी म्हणून भाव पाडतो. निदान महिनाभर आधी मारून घ्या, कान सुकलेला असला की प्रश्नच येत नाही.

सरकारी बिल्ला तुमचा तुम्ही मारायचा नसतो, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच मारून घ्यायचा. नुसता कानात असून उपयोग नाही, भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्याची नोंद लागते: मालकाचं नाव, आधार, मोबाईल, गाव, जनावराची जात, लिंग, वय. मारणाऱ्यासमोर उभं राहून ही माहिती तपासा. "उस्मानाबादी"च्या जागी "गावठी" पडणं आणि मोबाईल नंबरात एक आकडा चुकणं, या दोन गोष्टी पुढं सगळ्यात जास्त डोकेदुखी करतात. गायीच्या दुधाचं लिटरला 5 रुपये अनुदान 2024 मध्ये आलं तेव्हा टॅगची नोंद जुळत नसलेल्यांचे पैसे अडकले होते, ते दूधवाल्यांना विचारा.

विकत घेणाऱ्यांसाठी: पैसे द्यायच्या आधी बाराच्या बारा अंक वाचा, शेवटचे चार वाचून समाधान मानू नका. मग नाव वर्ग करून घ्या. मालकीबदल झाला नाही तर जनावर तुमच्या दावणीला आणि नोंदीत जुन्याच मालकाच्या नावावर राहतं. कानात मोकळं जुनं भोक आणि शेजारी ताजा बिल्ला दिसला तर जुना नंबर काय होता ते विचाराच. बिल्ला तारेनं बांधलेला किंवा डिंकानं चिकटवलेला असेल तर तिथून पुढं जा.

पशुसेवा_बार्शी
करडांचं: लाळ्या-खुरकतची पहिली लस चौथ्या महिन्यात येते, त्याच वेळी टॅग घ्या. त्याआधी कान लहान आणि मऊ असतो, बिल्ल्याचं वजन त्याला पेलत नाही, कान खाली ओढला जातो. तोपर्यंत गळ्यात पट्टा आणि त्यावर नंबर, आईच्या नंबरासकट. उस्मानाबादीला जुळी होतात, पट्टा नसला तर महिन्याभरात कुठलं पिल्लू कोणाचं यावरून घरात वाद. लहान कानात टोचताना बिल्ल्याची कड कानाच्या कडेला टेकू देऊ नका, कान अजून वाढायचाय.

पडलेला बिल्ला परत बसवता येत नाही. दांडीचं टोक एकदा मादीत अडकलं की ते न मोडता निघत नाही, तशीच घडण आहे त्याची. जुना बिल्ला फेकू नका. तो घेऊन दवाखान्यात जा, नवा मारून घ्या आणि प्रणालीत जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर जोडून घ्या. नवीन जनावर म्हणून नोंद केली तर लसीकरणाचा आणि उपचाराचा मागचा सगळा इतिहास जुन्या नंबरावरच अडकून पडतो. चिरलेल्या कानात परत टोचू नका, दुसरा कान घ्या.

गोठा_ताई_माढा
गोठ्याच्या स्वतःच्या नंबरांबद्दल. सरकारी बिल्ला ज्या कानात आहे त्याच्या विरुद्ध कानात तुमचा, आणि पिवळा सोडून दुसऱ्या रंगाचा. निळा किंवा हिरवा लांबून ओळखू येतो. आकारानं लहान घ्या, वजन कमी. नंबर साधा ठेवा: पहिले दोन आकडे जन्मवर्षाचे, पुढचे तीन अनुक्रमाचे. 25014 म्हणजे 2025 मधलं चौदावं करडू. जात, रंग, बापाचा नंबर सगळं बिल्ल्यावर कोंबायला जाऊ नका, ते वहीत. मार्करनं लिहिलेले नंबर आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात पुसट होतात, छापील नंबरवालेच मागवा. आणि पक्कड ज्या कंपनीची बिल्ले त्याच कंपनीचे. वेगळ्या कंपनीची दांडी सुईवर सैल बसते, मग वर सांगितलेलं सगळं करूनही टोचणं वाकडंच जातं.

बिल्ले टिकवायचे असतील तर गव्हाणीकडं बघा. शेळ्या डोकं घालतात त्या फटीला तारेचं टोक किंवा जाळीची तुटकी कड असली की बिल्ला तिथंच अडकणार. बांधावर वेडी बाभूळ असेल तर कुंपणाच्या आत झुकलेल्या फांद्या छाटा. शेजारच्या करडांना बिल्ला चघळायची सवय लागते, त्यासाठी मिठाची वीट टांगून ठेवा, थोडा फरक पडतो.

विमावही_पंढरपूर
विम्याचा प्रश्न राहिला होता. विम्यात नियम एकच: टॅग नाही तर दावा नाही. पॉलिसीवर जो नंबर छापलाय तोच कानात असला पाहिजे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात 2024 पासून शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा 15 टक्के केलाय, म्हणून बरेच लोक विमा काढतात, पण बिल्ला पडल्यावर कळवायचं विसरतात.

पडला त्याच दिवशी कंपनीला किंवा एजंटला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालत असलं तरी पोच घ्या. दवाखान्यात नवा टॅग मारला की जुना नंबर, नवा नंबर, तारीख आणि डॉक्टरांची सही असलेला कागद आणि कानासकट चेहऱ्याचा फोटो कंपनीला द्या. नवा नंबर पॉलिसीवर चढवून घेतल्याचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. जुना आणि नवा नंबर यांच्यामधल्या दिवसांत शेळी दगावली तर वाद तुमच्या अंगावर येतो.

शेळी मेलीच तर बिल्ल्याला हात लावू नका. तो काढून खिशात ठेवला की झालं, मग तो कुठल्या शेळीचा हे सिद्ध करत बसा. लगेच कंपनीला फोन, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावून शवविच्छेदन. फोटो तीन लागतात: अख्खं जनावर, चेहरा आणि कान एकत्र, आणि नंबर वाचता येईल असा जवळून. बिल्ल्यावर माती किंवा रक्त असेल तर ओल्या फडक्यानं पुसून मग जवळचा फोटो. शवविच्छेदनाच्या अहवालात टॅग नंबर डॉक्टरांनी लिहिलाय ना ते तिथंच वाचून घ्या. बिल्ला कानासकट कापून जमा करायचा की नुसता, हे कंपनी सांगेल तसं, पण कापायचं ते डॉक्टरांसमोर. पुरायची घाई करू नका, कंपनीचा माणूस येणार आहे का ते आधी विचारा. उन्हाळ्यात तो संध्याकाळी येतो म्हणाला तर जनावर सावलीत ठेवून वर ओलं पोतं टाका, कान मात्र झाकू नका.