जुनी डिझेल बोट घेतोय, इंजिनात नेमकं काय पाहू?

पहिलीच_बोट
नमस्कार मंडळी. तीस फुटी फायबरची बोट पाहून आलो. आत बसवलेलं चार सिलिंडरचं डिझेल, शाफ्ट आणि पंखा. मीटरवर २,१०० तास. मी पोचलो तेव्हा मालकाने इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं. आवाज एकसारखा, धूर जवळजवळ नाहीच. इंजिनखालचा तळ नुकताच रंगवलेला आणि तेल मधासारखं स्वच्छ. मन बसलंय, पण सोबत न्यायला जाणकार माणूस नाही. २,१०० तास जास्त आहेत का? रविवारी पुन्हा जाणार आहे.

जुना_मिस्त्री
दादा, तासांची काळजी सर्वात शेवटी करा. नीट निगा राखलेल्या डिझेलला २,१०० तास म्हणजे फार नाहीत. वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेलं किंवा बंदरात नुसतं मंद गतीवर चालवलेलं ३०० तासांचं इंजिन मला जास्त खटकतं. लोडशिवाय चालवलं की सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि इंजिन तेल खाऊ लागतं.

तुमच्या वर्णनात मला खटकली ती एकच गोष्ट: इंजिन आधीच गरम होतं. माझी पहिली बोट मी अशीच घेतली. गरम इंजिन, गोड आवाज, लगेच व्यवहार. पहिल्याच थंड सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, मग दहा मिनिटं पांढरा धूर आणि मागे पाण्यावर डिझेलचा तवंग. हेड उघडलं तर दोन सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या बैठका गंजाने खाल्लेल्या. खारं पाणी एक्झॉस्टकडून मागे आलं होतं. तो हंगाम पूर्ण वाया गेला.

म्हणून मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत इंजिनाला हात लावू नका.’ गेल्यावर आधी ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, तळहात ठेवा. कोमट लागला तर परत या.

थंड असेल तर आधी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची कांडी, ओढून पाहा. डिझेलमध्ये ताजं तेलही थोड्या तासांत काळं होतं, त्यामुळे मधासारखं तेल म्हणजे कालपरवा बदललेलं तेल. तो काही गुन्हा नाही, पण जुन्या तेलात जो पुरावा होता तो गेला. दुधाळ चहासारखा रंग दिसला तर तेलात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असेल तर डिझेल किंवा पाणी उतरतंय. मग कूलंटचं झाकण उघडून तेलाचा तवंग आहे का पाहा. हे इंजिन थंड असतानाच, गरम असताना झाकणाला हात लावू नका.

आता खरी जागा: एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप. गरम धूर आणि थंड करून आलेलं समुद्राचं पाणी इथे एकत्र येतं, म्हणून हा भाग आतून सडतो. बाहेरून रंग लावला की नवा दिसतो. सांध्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारा: मिठाची पांढरी पापडी किंवा गंजाचा ओघळ दिसतो का? मालकाची परवानगी घेऊन रबरी पाइप काढा आणि हाताचं बोट आत घाला. काजळीचा पातळ थर चालेल. तोंड अर्धं बुजलं असेल, किंवा कडा नखाने सोलल्या जात असतील, तर एल्बो बदलावाच लागणार. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आत इंजिनात पाणी कुठवर गेलंय.

चालू केल्यावर एकाने मागे उभं राहावं. पाणी लगेच यायला हवं; अर्ध्या मिनिटात नाही आलं तर बंद करा, बहुधा पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, गेलाय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त किंवा लोड जास्त. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावर थांबला पाहिजे. तरीही राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

शेवटी समुद्रात नेऊन दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल. कंपनीने दिलेले मिनिटाला जास्तीत जास्त फेरे गाठले पाहिजेत. इंजिनावरच्या पट्टीवर ३,६०० असतील आणि ३,००० वरच काळा धूर काढत अडलं, तर पंखा मोठा, बोटीचा तळ घाण किंवा इंजिन थकलेलं. तापमान हळूहळू चढत राहिलं तर बहुधा हीट एक्सचेंजर (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणारा भाग) तुंबलाय. धक्क्याला उभं राहून हे कधीच कळत नाही.

तळ_आणि_टाकी
मिस्त्रींनी इंजिनाचं सगळं सांगितलं. मी दोनच गोष्टी जोडतो. बोट पाण्याबाहेर काढून पाहा आणि प्लास्टिकच्या हातोडीने तळ ठोकत जा. आवाज टणक हवा, बद्द आला तर तिथले थर सुटलेत. पंख्याजवळ शाफ्ट धरून हलवा, ठळक खेळ जाणवला तर बेअरिंग झिजलंय. आणि डिझेलच्या फिल्टरखालचा पारदर्शक प्याला पाहा. तळाशी पाणी किंवा काळा लिबलिबीत गाळ असेल तर टाकीत जंतू वाढलेत. पाणी-डिझेलच्या सीमेवर ते वाढतात. टाकी आतून साफ केल्याशिवाय फिल्टर बदलून उपयोग नाही.

पहिलीच_बोट
जाऊन आलो. आधी सांगूनही ब्लॉक कोमट होता. मी परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे न कळवता गेलो. तेव्हा कळलं. स्टार्टर बराच वेळ फिरला आणि पाच मिनिटं पांढरा धूर. एल्बोत करंगळीही जेमतेम जाते. समुद्रात ३,६०० च्या जागी ३,१५० वर थांबलं. मालक म्हणतो, ‘एल्बो मी बदलून देतो.’ एवढ्यावर घ्यावी का?

जुना_मिस्त्री
नको. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या, तेही तुम्ही आणलेल्या माणसाकडून. चौघांत मोठा फरक निघाला तर नवा एल्बो लावून काहीच सुधारणार नाही. आकडे आले की इथे टाका.